जर्मनची होडी

आईला जड होडी हवी होती आणि मला हलकी. होडी रोज ढकलणार होती ती, मी नव्हे, तरी हे असं उलटं होतं. आई सत्तरीला टेकलेली, मी तिचा एकुलता मुलगा, नगरच्या एमआयडीसीत नोकरीला आणि केडगावात राहायला. त्यामुळे बघणाऱ्यांना मी फार चांगला दिसलो. म्हातारीचे कष्ट वाचावेत म्हणून पोरगा हलक्या होडीसाठी हट्ट धरून बसलाय, असं अख्ख्या गावाला वाटलं. मला माझे रविवार हवे होते, एवढंच. पण ते मी कुणाला सांगायला गेलो नाही.

आमचं गाव नेवासा तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याला लागून. जुनी जमीन बहुतेक पाण्याखाली गेली. आमची उरलेली पट्टी पाण्याच्या एका फाट्याच्या पलीकडे राहिली. सडकेनं जायचं तर भलामोठा वळसा पडतो आणि होडीनं जायचं तर घरातून समोर बांध दिसतो. आई रोज सकाळी पलीकडे जाते. म्हशीसाठी घास कापायचा, पिकाला पाणी द्यायचं, आणि धरणाचं पाणी ओसरायला लागलं की उघड्या पडलेल्या गाळात हरभरा नाहीतर ज्वारी पेरायची. या पेरणीला आमच्याकडे गाळपेर म्हणतात.

होडीचं वजन हा विषय पाण्यात राहणाऱ्यांना कळणार नाही, तो गाळातल्या लोकांचा आहे. पाण्यावर कुठलीही होडी चालते. पण दिवाळीनंतर आमचं पाणी रोज थोडं थोडं मागे सरकतं. रात्री होडी पाण्यात सोडून ठेवता येत नाही, वारा नेतो, नाहीतर माणूस नेतो. म्हणून संध्याकाळी ती ओढून काठावर आणायची, बाभळीला साखळीनं बांधायची आणि सकाळी पुन्हा गाळातून ढकलत पाण्यापर्यंत न्यायची. उन्हाळ्यात हे अंतर एका वावराएवढं होतं. तेव्हा होडीतला किलो न् किलो कमरेला कळतो.

आमची जुनी होडी लोखंडी पत्र्याची होती. वडिलांनी करून घेतलेली, दरवर्षी बुडाला डांबर फासलेली. ती दोन माणसांशिवाय हलायची नाही. आठवडाभर आईबरोबर शेजारची काकू असायची. काकू म्हणजे भावकीतली माझी चुलती, तिचंही वावर पलीकडेच. दोघी जणी दोन बाजूंनी जोर लावायच्या आणि एकमेकींना शिव्या घालत होडी पाण्यात घालायच्या. मग काकूचे गुडघे गेले. ऑपरेशन झालं, तिचं वावर तिच्या पुतण्यानं वाट्यानं केलं, आणि काकू ओट्यावर पाण्याकडे तोंड करून बसायला लागली. तेव्हापासून आई सकाळी काठावर जो दिसेल त्याला हात लावायला बोलवायची, आणि जड कामं सगळी रविवारवर ठेवायची. रविवार म्हणजे मी.

शनिवारी कामावरून सुटलो की नगरहून एसटी धरायची, अंधार पडता पडता गावात पोचायचं. रविवारी उजाडताच होडी. आई डाव्या अंगाला, मी उजव्या. ती "हं" म्हणाली की जोर लावायचा. पाण्यात गेल्यावर वल्हं माझ्याकडे असायचं आणि ती समोरच्या फळीवर बसून बोलायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेचं पटत नाही, कोण गेलं, कुणाच्या दहाव्याला किती लोक जमले. आठवडाभराचं सगळं ती त्या फाट्यावर सांगून घ्यायची. मी "हं, हं" करायचो. खताची गोणी उतरवायची, मोटारीचा पाइप पाण्यामागे पुढे सरकवायचा, घासाचे भारे बांधायचे. मग बांधावर बसून भाकरी. संध्याकाळच्या गाडीनं परत आलो की सोमवारी अंग आंबलेलं असायचं. घरी दोन मुली, एकीचा क्लास, बायकोचं रास्त गाऱ्हाणं की घरात सुट्टीच्या दिवशी माणूस म्हणून दिसत नाही. मी आईवर वैतागायचो. तोंडावर कधी नाही, पण एसटीत बसल्या बसल्या मनातल्या मनात पुष्कळ बोलायचो.

अशात जुन्या होडीचं बूड गेलं. डांबराखाली पत्राच उरला नव्हता. नवी घेणं भाग होतं, आणि दोन होड्या समोर आल्या. शेजारच्या गावातला मासेमारीचा ठेकेदार त्याची फायबरची विकत होता. निळी, रुंद, चांगली दमदार. दुसरी केडगावात माझ्या ओळखीच्या एका वेल्डरनं कुणासाठी तरी बनवलेली ॲल्युमिनियमची. ज्यानं सांगितली होती तो न्यायलाच आला नव्हता. मी ती शेडमध्ये एका बाजूनं उचलून बघितली. सहज उचलली गेली. त्या क्षणी माझ्या डोक्यात आईची कंबर आली नाही. एक माणूस पुरेल, हे आलं.

आईला मी फोनवर सांगितलं. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात.

"जर्मनची?" ती म्हणाली. "पातेल्यात बसून जायाचं व्हय?"

"अगं, हलकी आहे. तुला एकटीला ढकलता येईल."

"वाऱ्याला थांबायची न्हाई ती. फायबरची घे. जड हाय, पान्यावर बसंल नीट."

"फायबरची तुला एकटीला हलणारच नाही."

"मंग न्हाई हलली तर न्हाई."

मला वाटलं, म्हातारपणाचा हेका. मी तिला सगळं समजावून सांगितलं. फायबर उन्हानं तडकतं, दगडावर आपटलं की चीर जाते, त्या चिरेतून पाणी आत मुरतं आणि होडी वर्षागणिक आणखी जड होते. जर्मनला पोचा आला तर हातोडीनं ठोकून सरळ करता येतो. ती ऐकत राहिली आणि शेवटी पुन्हा म्हणाली, "फायबरची घे." मी चिडलो. म्हटलं, आता वजनच करून दाखवतो.

ऊस आणि कांदा पिकवणाऱ्या मुलखात वजन करायचं म्हणजे एकच जागा डोळ्यासमोर येते. होडी तोलायला दुसरी काही रीत असेल, असं आम्हाला सुचलंच नाही. ठेकेदाराची फायबरची होडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातली आणि रस्त्यावरच्या वजनकाट्यावर नेली, माझी टेम्पोतून तिथेच आणवली. काट्यावरच्या माणसानं सवयीनं विचारलं, "माल काय?" ड्रायव्हर म्हणाला, "होडी." त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढून ट्रॉलीकडे बघितलं आणि विचारलं, "बरं, मग हिचा साखरेचा उतारा किती बसतो?" मागे उसाच्या गाड्या उभ्या होत्या, त्या ड्रायव्हरांनाही करमणूक झाली. आधी ट्रॉली फायबरसकट तोलली, मग ती उतरवून रिकामी, मग जर्मनसकट. असल्या मोठ्या काट्यावर किलो-दोन किलो कुणी बघत नाही, पण इथे बघायची गरजच नव्हती. फायबरची दीड क्विंटलच्या पुढे गेली. जर्मनची तिच्या निम्मीसुद्धा भरली नाही.

आमच्याकडे काट्यानं सांगितलं की बोलणं संपतं. ठेकेदार हिरमुसला होऊन ट्रॉली घेऊन गेला. मी घरी येऊन आईला आकडे सांगितले. आकडे खरे होते, मी त्यात काडीचीही भर घातली नव्हती. पण ते सांगताना मी तिच्याकडे न बघता म्हशीकडे बघत होतो, हे मला स्वच्छ आठवतं. आई चुलीपुढे बसली होती. म्हणाली, "तुझ्या मनानं घे. तू काय वाईट करशील व्हय माझं?"

होडी पाण्यात घातली त्या दिवशी नारळ फोडला, आईनं पुढच्या टोकाला हळद-कुंकू लावलं. मी सगळ्यांना बाजूला केलं आणि तिला एकटीला ढकलायला लावलं. ती वाकली, दोन्ही हात टेकवले, आणि होडी निघाली की. काठावरची माणसं हसली, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. काकू ओट्यावरून ओरडली, "पोरगं आसावं तर आसं! आईच्या कमरंची काळजी हाय त्याला." मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण मी हसलो, हात हलवला, आणि कौतुक पदरात पाडून घेतलं.

पुढचा रविवार मी केडगावात काढला. उन्हं वर येईपर्यंत झोपलो. बायकोनं पोहे केले, धाकटीनं मला बुद्धिबळात हरवलं. मला फार बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली. संध्याकाळी आईला फोन केला.

"गेली होतीस का पलीकडं?"

"गेल्ते की. एकटीनं ढकलली."

"जड नाही ना गेली?"

"न्हाई रं. लई हलकी हाय."

बास, एवढंच बोलणं. पूर्वी फाट्यावर जे सांगायची त्यातलं काही तिनं फोनवर सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मग पंधरवड्यानं गेलो, मग महिन्यानं. दरवेळी मनाला एकच समजावणी की तिथे आपलं आता काम नाही. हे मी कंपनीतही सांगायचो. आईसाठी होडी घेतली, एकटीला जमते, वजन करून घेतली. लोक माना डोलवायचे. एकानं तर त्याच्या आईसाठी असं काय घेता येईल, हे मला विचारलं.

महिन्यानं गेलो तेव्हा होडी जड लागली. आई डाव्या अंगाला, मी उजव्या, "हं" म्हटलं तरी पहिल्या झटक्यात हलेना. आत चार-पाच मोठे दगड होते, फळीखाली नीट लावलेले. पाण्यात गेल्यावर वल्हं मी घेतलं, ती समोर बसली आणि तिची टकळी सुरू झाली. त्या दिवशी तिनं इतकं सांगितलं की पलीकडे पोचलो तरी एका लग्नाची हकीकत अर्धीच राहिली होती, ती तिनं बांधावर पुरी केली. पुढच्या खेपेला पुन्हा दगड. तेव्हा मी विचारलं.

"वारं लई आसतंय आजकाल," ती म्हणाली. "रिकामी आसली का भिरभिरती. बुडाला वझं लागतं."

मला बोलणं पटलं. हलकी होडी वाऱ्यावर भरकटते, यात खोटं काही नाही. फायबरचा तिचा आग्रहही त्यासाठीच असणार, असं वाटलं आणि थोडं ओशाळल्यासारखं झालं. पण वजनच हवं तर ते गाळातून वाहून कशाला न्यायचं? माझं डोकं अशा ठिकाणी फार पटकन चालतं. मी घरातून तेलाचे दोन रिकामे प्लास्टिकचे कॅन आणले, फळीला दोरीनं बांधले. होडी पाण्यात गेली की कॅन भरायचे, बुडाला वजन मिळतं. परत काठाला लागली की ओतून द्यायचे, होडी पुन्हा हलकी. मी सगळे दगड उचलून बाहेर टाकले, हात झटकले आणि आईला म्हटलं, "आता ढकल बघू."

तिनं ढकलली. मी कोरड्यावर उभा राहून बघत होतो. पायात चांगल्या चपला होत्या, हातात मोबाईल होता, मुलींना दाखवायला मी तिचा व्हिडिओ काढत होतो.

"जमलं का?" मी ओरडलो.

"जमलं की," ती म्हणाली. "हे बरं केलंस."

आता इतकं सोपं झालंय तर आपण कशाला थांबायचं, असं म्हणून मी त्या दिवशी दुपारच्याच गाडीनं परत निघालो. गाडीत खिडकीशी जागा मिळाली. मी खुशीत होतो, हे सांगायला आज जीभ रेटत नाही.

आठवड्याभरात काकूचा फोन आला. तिला गुडघा दाखवायला नगरला यायचं होतं, डॉक्टरची वेळ घ्यायला तिनं मला सांगितलं. मी केडगावच्या रस्त्यावर भाजीच्या गाडीपाशी उभा होतो. गुडघ्याचं बोलून झालं आणि ती म्हणाली, "आन् काय रं, दगडं काढून टाकलीस म्हनं?"

"हो, त्याची गरज नाही आता. कॅन दिलेत तिला."

"बरं झालं बाई. दर बारीला म्हातारी दगडं वाहायची, मला बघवायचं न्हाई."

"दर बारीला म्हणजे? रोज ना?"

"रोज कशाला? रोज तर रिकामीच नेती. तुझा फोन आला, का शनिवारी सांजच्याला दगडं टाकायची. मी म्हनलं, आगं जर्मनची हलकी घिऊन दिली पोरानं आन् तू त्यात धोंडे भरती व्हय? तर म्हनली, रिकामी आसली का त्यो काठावर उभा ऱ्हातो. जड आसली का हात लावतो, मंग बसतो बी."

काकू हसत होती. तिला ती गंमत वाटली होती. मी काहीतरी बोलून फोन ठेवला. भाजीवाल्यानं मेथी पिशवीत घालून पुढे केली, ती मी घेतली आणि तसाच उभा राहिलो. मागे एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

घरी आलो आणि बायकोच्या हातात मेथीची पिशवी दिली. तिचा काय दोष? तिनं मला कधी जाऊ नको म्हटलं नव्हतं. मला पुन्हा पुन्हा दिसत होतं ते एवढंच: शनिवारची संध्याकाळ, काकू ओट्यावर बसलेली, आणि आई एकेक धोंडा पोटाशी धरून काठापर्यंत नेतेय. ज्या कमरेसाठी मी हलकी होडी घेतली म्हणून गाव माझं कौतुक करतं, त्याच कमरेनं. आणि हे मला थांबवण्यासाठी नव्हे. दोनच तास मी होडीला हात लावावा आणि समोर बसावं, एवढ्यासाठी. तोंडानं मागितलं असतं तर मी आलो असतो का? आलो असतो, पण वैतागून. ते तिला ठाऊक असणार. म्हणून तिनं मागितलं नाही, नुसतं "फायबरची घे" म्हणाली, आणि मी तिला काट्यावरचे आकडे आणून दाखवले.

त्या शनिवारी मी मुद्दाम लवकर फोन केला. "उद्या येतोय," म्हटलं. "बरं, ये," ती म्हणाली. रात्रीची गाडी चुकली म्हणून रविवारी पहाटेची धरली. सडकेच्या फाट्यावरून गावापर्यंत दुसऱ्याच्या मोटरसायकलवर बसून आलो. सगळ्या वाटेनं मी एकच मागत होतो, देवाजवळ म्हणा की कुणाजवळ. होडीत दगड असू दे. ते उचलायला मी शर्टाच्या बाह्या आधीच वर सारून ठेवल्या होत्या.

अंगणात शिरताना दगड दिसले. आईनं ते हौदापाशी एकाला एक लावले होते आणि वर ओलं लुगडं पिळून ठेवलं होतं. धुण्याला चांगली जागा झाली होती. घराला कडी होती. काठाकडे बघितलं तर ती होडीपाशी पोचलीही होती. मी पळत सुटलो. चपलांत गाळ भरला, एक चप्पल रुतून बसली, ती तिथेच टाकली.

"आई, थांब! मी धरतो!"

तिनं वळून बघितलं आणि हसली. होडी रिकामी होती. दोन्ही कॅन मी दाखवले होते तसे फळीला बांधलेले, रिकामे. मी कडेला हात घातला तोवर तिनं ढकललीसुद्धा, आणि माझा हात नुसताच होडीबरोबर दोन पावलं गेला.

"ऱ्हाऊ दे रं," ती म्हणाली. "कशाला चिखलात आलास? हलकी हाय ती."

"मी येतो ना पलीकडं."

"आज काम न्हाई काही. घासाचा एक भारा कापून आलेच. पहाटंच्या गाडीनं दमलाय, घरी जाऊन पड. दूध झाकून ठेवलंय, च्या करून घे."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो, बळंच होडीत चढून बसलो असतो. पण ती अगदी मनापासून बोलत होती. इतके दिवस मी जे तिला पटवत आलो होतो, ते तिला आता पटलं होतं. ती आत चढली, कॅन पाण्यात बुडवून एकामागून एक भरले, आणि मधल्या फळीवर बसली. एकटं असलं की मध्येच बसावं लागतं, नाहीतर होडी एका अंगाला कलते, हेही मीच शिकवलं होतं. तिनं वल्हं घेतलं आणि निघाली. मी घोटाभर पाण्यात उभा होतो. वारा बऱ्यापैकी होता, पण होडी जराही भरकटली नाही.